दुसऱ्या गेटवरचा मामा

आमच्याकडं कुणाला गंडवला की ‘त्याचा मामा केला’ म्हणतात. २००७ च्या जानेवारीत माझा मामा झाला तो दोन्ही अर्थानं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं, आता अठरा वर्षांनी हिशोब लावालोय तर कळालंय.

आक्काची पहिलीच खेप, त्यामुळं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडं बेळगावात. दाजी फौजेत, त्यांचं पोस्टिंग तेव्हा लांब वर उत्तरेला, रजा मिळाली नव्हती. मी एकवीस वर्षांचा, उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये लेथवर हेल्पर, सेकंड शिफ्ट मधेच सोडून दवाखान्यात गेलो तर कपड्याला कटिंग ऑइलचा वास, हात धुतले तरी नखात काळं. नर्स बाहेर आली आणि कन्नडात विचारली, बाळाचा मामा कोण म्हणून. मला वाटलं बिल भरायला सांगणार. तिनं ‘हेण्णु’, म्हणजे मुलगी, म्हणून टॉवेलात गुंडाळलेलं ते माझ्याकडंच दिलं. लेथच्या चकमधनं काढलेला लोखंडाचा गरम जॉब धरतात ना, अंगापासनं लांब, दोन हात पुढं करून, तशी मी धरलेली. आई ओरडली, अरे पोटाशी घे की, ती काय भाजतीया व्हय. मी शर्टाकडं बघितलं, आईनं शर्टाकडं बघितलं, शेवटी तसाच लांबनं धरून उभा राहिलो. पाच मिनिटं असतील. हात भरून आले पण कुणाला द्यावंसं वाटंना.

मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की जिलेबी असा एक फालतू हिशोब आहे लोकांचा. मी गल्लीत कुंदा वाटला. बेळगावात कुंद्याला कोण नाही म्हणतंय? नेमकं काय झालं ते विचारायच्या आधी लोकांनी तोंडात टाकला.

घरात सगळे तिला बारकी म्हणतात. खरं नाव इथं लिहीत नाही, तिच्या हाती हे लागलं तर माझं काही खरं नाही. आता ती माझ्यापेक्षा दोन बोटं उंच आहे तरी बारकीच.

मामा या माणसाला आपल्यात मान आहे असं म्हणतात. तो मान कसा असतो ते सांगतो. पाळणा कुणी आणायचा, मामानं. वाळे कुणी, मामानं. जावळ काढताना कुणाच्या मांडीवर, मामाच्या. कान टोचताना, परत मामाच. म्हणजे पोरीला जिथं जिथं दुखणार आणि ती जिथं जिथं बोंबलणार तिथं धरून बसायला मामा, आणि नंतर ‘नको नको बाळा’ म्हणून उचलून घ्यायला आई. शहापुरातल्या सोनाराकडं कान टोचायला गेलो तेव्हा ती दहा महिन्यांची, वर दोन खाली दोन दात आलेले. पहिला कान टोचला तेव्हा गप्प, नुसती बघत राहिली सोनाराकडं, कुणीतरी आपला विश्वासघात केलाय असं तोंड करून. दुसऱ्या कानाला मात्र तिनं माझा हातच धरला दातात, मनगटाच्या जरा वर. सोनार म्हणाला, हलू नका हं, हलला तर भोक वाकडं पडंल. मी हललो नाही. डाव्या कानाचं भोक तरीपण जरा वाकडंच आहे, आणि त्याचं खापर ती आजपण माझ्यावर फोडते.

पुढं दाजींच्या बदल्या चालूच राहिल्या. आक्काचं सासर चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, बेळगावापासनं असं लांब नाही पण मध्ये बॉर्डर. शाळेसाठी म्हणून आक्का अनगोळात आमच्याच गल्लीत भाड्यानं राहिली. आणि मग शाळा कुठली यावरनं घरात जे महाभारत झालं ते विचारू नका. दाजींचं म्हणणं इंग्लिश मीडियम. आमचे आप्पा म्हणजे सीमाप्रश्नात हयात गेलेला माणूस, ते म्हणाले मराठी शाळा सोडून दुसरं नाव काढायचं नाही या घरात. मी म्हणालो, मी पण मराठी शाळेतला, माझं काय वाकडं झालं? आप्पा म्हणाले, तू मध्ये बोलू नको, तुझ्यामुळं मुद्दा कच्चा होतोय.

झाली शेवटी मराठी शाळा, २०१३ च्या जूनला पहिली. शाळा टिळकवाडीत दुसऱ्या गेटच्या पलीकडं. माझी शिफ्ट दुपारची, म्हणजे सकाळी मी रिकामा, म्हणजे सोडायची ड्युटी माझी. तीच ड्युटी पुढं दहा वर्षं केली.

बेळगावाबाहेरच्यांना सांगतो, आमच्याकडं टिळकवाडीत पत्ता सांगताना पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट असं सांगतात. गेट म्हणजे रेल्वे फाटक. लोंढ्याकडनं मिरजेकडं जाणारी लाईन गावाच्या पोटातनं जाते आणि शाळेची वेळ आणि मालगाडीची वेळ यांचं मागल्या जन्मीचं वैर असावं. फाटक पडलं की दोन्ही बाजूला गाड्या तुंबतात, दांडीखालनं सायकल घालणारे काका, हॉर्न वाजवून फाटक उघडतंय असं समजणारे रिक्षावाले, आणि गाडी काय यायची नाही दहा दहा मिनिटं. बारकी स्कूटरवर पुढं उभी असायची, हँडल धरून, पाठीवर तिच्याएवढं दप्तर. रडायची, उशीर झाला की बाई बाहेर उभं करतात म्हणून. तर तिला गप्प करायला मी डबे मोजायचं काढलं. पहिल्या दिवशी बेचाळीस निघाले. दुसऱ्या दिवशी एकोणसाठ, त्यातला शेवटचा गार्डचा डबा धरायचा का नाही यावर भांडण. तिचं म्हणणं धरायचा, कारण त्यात माणूस बसलाय.

मग एक दिवस मला काय सुचलं, म्हटलं आज कन्नडातनं मोजू. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. शॉपमध्ये आमचा फोरमन बैलहोंगलचा, त्याच्या तोंडून ऐकून ऐकून माझं कन्नड आलेलं, म्हणजे शिव्या, आकडे आणि टूलची नावं एवढंच व्यवस्थित, बाकी सगळं अंदाजे. तिला ते आवडलं. इप्पत्तच्या, म्हणजे विसाच्या, पुढं माझी गाडी अडकायची तर ती शाळेतनं कन्नडच्या बाईंना विचारून यायची आणि दुसऱ्या दिवशी मला सांगायची. दुसरीत असताना एकोणसाठ डबे ऐवत्तोंबत्तुपर्यंत न चुकता म्हणालेली, शेजारच्या दुधाच्या गाडीवाल्यानं चक्क टाळ्या वाजवल्या. मी फुगलो. हे पुढं जाऊन माझ्याच अंगावर येणार आहे हे तेव्हा कुठं माहीत.

पावसाळा आमचा म्हणजे पावसाळाच. जून-जुलैमध्ये आठ आठ दिवस सूर्य दिसत नाही. रेनकोट घालून पण दप्तर भिजायचंच, मग त्यातली गृहपाठाची वही मी काढून माझ्या शर्टाच्या आत घालायचो, बनियनला लावून. वहीला ऑइलचा वास यायचा. बाईंनी एकदा विचारलं म्हणे, तुमचं गॅरेज आहे का.

२०१४ मध्ये माझं लग्न झालं. बारकी सात वर्षांची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नव्या मामीला विचारली, तू आमच्याकडं किती दिवस राहणार आहेस? बायको अजून विसरलेली नाही. त्याच वर्षी एक नोव्हेंबरला सरकारनं बेळगावचं बेळगावी केलं. तो दिवस आमच्याकडं कसा असतो बघा, एका रस्त्यावर कर्नाटकाच्या राज्योत्सवाची लाल-पिवळी मिरवणूक आणि दुसऱ्या रस्त्यावर मराठी लोकांच्या काळ्या दिनाची सायकल फेरी, आप्पा काळा शर्ट घालून फेरीत. बारकी मला विचारली, मामा आपण कुठल्या बाजूचे? म्हटलं आज सुट्टी आहे ना, मग आपण झोपायच्या बाजूचे. आप्पांनी ऐकलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

एक गोष्ट सांगायलाच पाहिजे ती चित्ररथाची. बेळगावात शिवजयंती तिथीनं होते, वैशाखात, आणि मग चित्ररथांची मिरवणूक. ट्रॉलीवर सजीव देखावे, म्हणजे खरी माणसं दाढीमिशा लावून उभी, रात्रभर. २०१६ ला आमच्या मंडळानं देखाव्यात बारकीला घेतलं. तिला जिजाऊ व्हायचं होतं. मिळालं काय, तर मावळा नंबर चार. रडली नाही, पण मिशी लावून घेताना मेकअपवाल्याला म्हणाली, जाड लावा, मागनं दिसायला पाहिजे. रात्री दहाला ट्रॉली निघाली, एकाजागी थांबत थांबत बारा वाजले, मी ट्रॉलीच्या बाजूनं पाण्याची बाटली घेऊन चालत. साडेबाराला मावळा नंबर चार वरनं खाली वाकला आणि कानात म्हणाला, मामा, लागलीया.

आता रामदेव गल्लीतल्या त्या गर्दीत, धोतर कमरेला चार ठिकाणी पिना मारून बसवलेलं, तलवार कमरेला शिवलेली, हिला घेऊन कुठं जायचं? एका ओळखीच्या नसलेल्या घराचं दार वाजवलं. आतनं म्हातारी आली, कन्नडच बोलणारी. माझं कन्नड त्या वेळी तोंडातनं बाहेरच येईना, टूलची नावं सांगून काय उपयोग. बारकीनं मिशी एका हातानं धरली आणि स्वच्छ कन्नडात सांगितली काय पाहिजे ते. म्हातारी हसून हसून बेजार. परत येताना तिच्या हातात दोन चकल्या. पिना मला काढता आल्या, परत मारता आल्या नाहीत, त्यामुळं उरलेली रात्रभर मावळा नंबर चार एका हातात तलवार आणि एका हातात धोतर धरून लढला. फोटो आहे माझ्याकडं. तिच्या लग्नात मोठा करून लावणार आहे असं मी धमकी देत असतो.

सुट्ट्यांची पण आमच्याकडं एक गंमतच आहे. कर्नाटकात शाळेला मोठी सुट्टी दसऱ्याची, महाराष्ट्रात दिवाळीची. म्हणजे तिची चंदगडची चुलत भावंडं दिवाळीत मोकळी असायची तेव्हा हिची शाळा चालू झालेली, आणि ही दसऱ्याला तिकडं जायची तेव्हा ती शाळेत. किल्ला करायला म्हणून सगळी एकत्र अशी कधी सापडलीच नाहीत. मग मोकळा जो असेल तो मामा. माती कालवून कालवून माझी बोटं उलली पण राजहंसगडाचा बुरूज काय तिच्या मनासारखा झाला नाही कधी.

२०१९ ची गोष्ट, हे लिहू का नको असा विचार केला, तिलाच विचारलं, ती म्हणाली लिही की, त्यात काय. आक्का दाजींकडं गेलेली पंधरा दिवस, बायको माहेरी, आई शेतावर. रविवार होता. बारकी आमच्या घरात, सकाळपासनं बाथरूममधनं बाहेर येईना. मी दार वाजवलं तर आतनं बारीक आवाजात म्हणाली, मामा, आक्का आज्जीला फोन लाव. आक्का आज्जी म्हणजे माझी आई. ती फोन उचलंना. मग थोड्या वेळानं म्हणाली, मामा, मेडिकलला जातोस?

मला कळलं. म्हणजे कळलं, पण पाय हलंनात. बायकोला फोन केला, ती शांतपणे सांगितली हे आण, असलं आण, विंग्सवालं माग. आता बत्तीस-तेहतीस वर्षांचा बाप्या मी, मेडिकलमध्ये दोन बायका आधी उभ्या, त्या जाईपर्यंत मी खोकल्याच्या गोळ्या बघत बसलो. मग मागितलं. दुकानदारानं पेपरात गुंडाळलं, त्यावर काळी पिशवी, पिशवीला गाठ, जणू काय मी बॉम्ब नेतोय. घरी येऊन दारातनं हात आत घालून दिलं आणि कढईत जे काय सुचलं ते करायला घेतलं, उप्पीट केलं, मीठ विसरलो. अर्ध्या तासानं बाहेर आली. उप्पीट खाल्ली. मीठ नाही म्हणाली नाही. आम्ही दोघं टीव्ही बघत बसलो, काहीच बोललो नाही, मध्येच ती म्हणाली, मामीनं सांगितलेलं तसंच आणलास. मी हं म्हणालो.

खरा दंगा नंतर. आई म्हणाली पाच बायका बोलवून ओटी भरायची, न्हाण करायचं, आणि मामानं साडी आणायची, रीत आहे. बारकी दार लावून बसली, गल्लीतल्या पोरांना कळंल म्हणाली, मी शाळेतच जाणार नाही म्हणाली. आई माझ्याकडं बघाय लागली, कारण साडीचा मानकरी मीच. मी म्हणालो मी साडी आणत नाही. आई म्हणाली मग काय आणणार? अर्धा किलो कुंदा आणला. चौघांनी घरात बसून खाल्ला, कशाचा ते कुणी बोललं नाही. आईचा राग मात्र खरा होता हां, तो सोपा नव्हता, तिच्या आईनं तिचं केलं, तिनं आक्काचं केलं, आणि हिचं राहिलं म्हणून ती अजून कधीतरी हळहळते. मला वाईट वाटतं, पण मी परत तेच करीन.

मग २०२०. मार्चमध्ये आक्का आणि बारकी चंदगडला सासरी गेलेल्या चार दिवसांसाठी, आणि लॉकडाऊन पडलं. तोपर्यंत बॉर्डर म्हणजे आम्हाला वेगळ्या रंगाची एसटी एवढंच. सकाळी तिकडची माणसं इकडं बाजाराला, इकडची तिकडं शेताला, कोण विचारत नव्हतं. आणि आता शिनोळीला रस्त्यावर बॅरिकेड, पोलीस, आत यायचं तर सरकारच्या सेवा सिंधू वेबसाइटवर पास काढा, मग क्वारंटाइन. आठवीची पुस्तकं माझ्याकडं आलेली आणि पोरगी तिकडं. एक दिवस फोनवर ठरवून मी इकडनं गेलो, ती तिच्या आजोबांबरोबर तिकडनं आली. मध्ये पंचवीस-तीस फूट. पोलिसाला सांगितलं फक्त पुस्तकं द्यायची आहेत, तो भला माणूस होता, म्हणाला मध्ये ठेवा आणि मागं सरका. मी पिशवी डांबरावर ठेवून मागं आलो, मग ती पुढं येऊन उचलली. तोंडाला तिच्या आजीच्या लुगड्याचा मास्क. चार महिन्यांत केवढी उंच झालेली. मी ओरडून विचारलं, जेवतीस काय गे? ती ओरडून म्हणाली, कन्नडचं गाईड आणलास काय? नव्हतं आणलं. परत जायला लागलं, आठ दिवसांनी, तेवढ्यासाठी.

तिकडं नेटवर्कची बोंब, ऑनलाइन तास म्हणजे डोंगरावर जाऊन मोबाईल धरायचा. कन्नडचा तेवढा मी संध्याकाळी फोनवर घ्यायचो. म्हणजे मी घ्यायचो म्हणायचं, खरं ती मला शिकवायची. ‘मी जातो’ला पुस्तकात ‘होगुत्तेने’ आणि आम्ही शॉपमध्ये म्हणतो ‘होगतेनि’. मी काहीही म्हटलं की ती म्हणायची, मामा, हे परीक्षेत लिहिलं तर मी नापास. फोरमनला सांगितलं तर तो म्हणाला, पुस्तक चुकलंय.

२०२३ ला दहावी, म्हणजे आमची एसएसएलसी. ६२५ पैकी ५६१ पडले. पहिली भाषा मराठी १२५ मार्कांची, बाकी पाच विषय शंभर शंभरचे, असं ते ६२५. चंदगडच्या पाहुण्यांना हे समजावता समजावता आक्काचं तोंड दुखलं, एक आत्या तर म्हणाली पाचशेतले पाचशे एकसष्ट कसे पडतील, काहीतरी घोटाळा आहे. कन्नडात ९४. मराठीत १२५ पैकी ११३. आप्पांनी तो कागद हातात घेऊन दोन्ही आकडे बघितले, चष्मा काढला, पुसला, परत बघितले.

आणि त्याच वर्षी जूनमध्ये माझी नोकरी गेली. म्हणजे शॉपमधली नाही, सोडायची. ११ जून २०२३ ला शक्ती योजना सुरू झाली, कर्नाटकात बायका-मुलींना सरकारी बस फुकट. बारकीचं पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावीचं, कॉलेज चालू झालं आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाली, मामा, उद्यापासनं मी बसनं जाते मैत्रिणींबरोबर. संध्याकाळी तिकीट आणून दाखवली, त्यावर शून्य रुपये. बघ, म्हणाली, तुझं पेट्रोल वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी आंघोळ-बिंघोळ करून तयार आणि जायचं कुठंच नाही. बायको म्हणाली, जा की गेटवर जाऊन डबे मोजून या.

ती योजना म्हणजे आमच्या घरात एक विनोदच झालाय. सौंदत्तीला यल्लम्माला गेलो सगळे, आई, आक्का, बायको, बारकी, चौघींचं तिकीट शून्य, माझं पूर्ण, आणि जागा त्या चौघींना, मी उभा. कंडक्टर माझ्याकडं असा बघायचा की एवढ्या गाडीत गिऱ्हाईक म्हणून तूच.

पीयूसीला इंग्लिशबरोबर एक भाषा घ्यायची असते. घरात कुणी विचारलंच नाही, मराठी घेणार हे धरूनच चाललेले सगळे. तिनं फॉर्मवर कन्नड लिहिली. आप्पांना कळलं ते पंधरा दिवसांनी, कुणीतरी पुस्तक बघितलं. आप्पा ओरडणारे नाहीत, गप्प बसणारे आहेत, आणि ते जास्त वाईट. जेवताना एकच वाक्य बोलले, माझ्याकडं बघून: मालगाडी मोजायला तूच शिकवलास.

मला खरंच काय बोलावं कळंना. आप्पांनी लाठी खाल्लेली आहे या भाषेपायी, मराठी शाळेत नाव घालायला घरात भांडलेले, आणि नात कन्नड घेते. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. पण तिला विचारलं गच्चीवर, का गे, तर ती सरळ म्हणाली, मराठी मला येते मामा, ती कुठं जातीया? मला जे येत नाही ते शिकायचंय. मार्क पण पडतात. वर म्हणाली, आणि तू आप्पांना काही समजवायला जाऊ नको, तू समजवलास की मुद्दा कच्चा होतो. हे वाक्य तिला कुणी सांगितलं होतं, तिचा तर तेव्हा शाळेत पण पाय पडला नव्हता नीट.

वर्षभर दोघांचं बोलणं कामापुरतं. पाणी दे, औषध दे. मग २०२४ मध्ये पहाणीचं निघालं. पहाणी म्हणजे आमच्याकडचा सातबारा. येळ्ळूर शिवारात आमचं एक एकर दहा गुंठे आहे, बासमतीचं भात होतं, खाण्यापुरतं. तर त्या पहाणीवर आप्पांच्या नावात एक अक्षर चुकलेलं आणि आडनाव तर भलतंच, आणि सगळा कागद कन्नडात, आप्पा चाळीस वर्षं दुसऱ्याकडनं वाचून घेत आलेले, दर वेळी एक ओळखीचा माणूस गाठायचा, त्याला चहा पाजायचा. मराठीत कागद द्या म्हणून किती मोर्चे काढले असतील त्यांनी. त्या रविवारी तो माणूस गावाला गेलेला. आप्पा कागद घेऊन व्हरांड्यात बसलेले, वरनं खाली बघत, अक्षर येत नसताना पण. बारकी अंगण झाडत होती. झाडू बाजूला ठेवली, जाऊन पायरीवर बसली, कागद ओढून घेतली नाही, नुसतं बोट ठेवून वाचाय लागली, एकेक रकाना, सर्व्हे नंबर, हिस्सा, आकार, पीक. नावाशी आल्यावर थांबली आणि हसली. आप्पा म्हणाले काय झालं? ती म्हणाली, आप्पा, तुमचं आडनाव यांनी बाईचं नाव केलंय. आप्पा पण हसले. मी दारात चहा घेऊन उभा, आत जाऊ का नको.

त्यानंतर दर रविवारी आप्पांचे कागद निघायला लागले. लाईटचं बिल, सोसायटीची नोटीस, घरपट्टी, २००२ सालचं कसलं तरी पत्र. काही काही तर इंग्लिशमधले होते, ते त्यांना वाचता येतात. ते पण तिलाच द्यायचे.

२०२५ च्या जानेवारीत तिला अठरा पूर्ण झाली, लायसन निघालं. त्याच वर्षी जुलैत नावदुरुस्तीसाठी नाडकचेरीत, म्हणजे महसूल कचेरीत, जायचं होतं, मी म्हटलं मी सोडतो. ती चावी घेतली. म्हणाली, बस मागं. अठरा वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या मागं बसलो, पाय कुठं ठेवायचे ते पण कळंना. बरी चालवते, ब्रेक जरा उशिरा दाबते. काउंटरवर ती बोलली, सर असं आहे, आधारवर हे नाव आहे, जुन्या उताऱ्यावर हे आहे, सगळं पुस्तकातलं कन्नड नाही हां, आमच्या शॉपमधलं, ‘होगतेन्री’ ‘बरतेन्री’वालं. मी मागं दोन्ही हेल्मेट धरून. क्लार्कनं चष्म्याच्या वरनं माझ्याकडं बघून विचारलं, यारी इवरु, म्हणजे हे कोण? ती म्हणाली, नम्म मामारी. पोचपावती मिळाली, महिनाभरानं या म्हणाले.

येताना दुसऱ्या गेटवर फाटक पडलेलं. तिनं इंजिन बंद केलं. मिरजेकडची मालगाडी होती, मी सवयीनं मनात सुरू केलं, आणि तेराव्या-चौदाव्या डब्याला पाऊस आला, आमचा पाऊस कसा येतो माहीत आहे, विचारून येत नाही. ती मान मागं वळवून ओरडली, मामा, ती फाईल शर्टात घाल की, भिजालीया!